२०५ वरून १६५ वर: सरळ स्की सोडून साइडकटच्या स्की घेताना

तीस वर्षांपूर्वीच्या सरळ स्की अजून धडधाकट असतील, गाभा शाबूत असेल, तळ अजून मेण पीत असेल, तर त्या बदलायच्या कशाला, हा प्रश्न रास्त आहे. अडचण त्यांच्या तब्येतीत नाही, आकारात आहे. आणि आकार मोजता येतो, म्हणून आधी मोजमापाचंच बोलू.

आजच्या जवळपास प्रत्येक स्कीवर तीन आकडे छापलेले असतात: टोक, कंबर आणि शेपूट यांची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जुन्या स्कीवर ते नसतील तर व्हर्नियरने मोजा. २०५ सेंमीची सरळ स्की साधारण ८८-६७-७७ अशी भरते. उताराच्या मशीनने दाबलेल्या भागासाठी बनवलेली १६५ सेंमीची आजची स्की १२१-६८-१०३ च्या आसपास असते. कंबर जवळपास तेवढीच आहे, वाढली ती दोन्ही टोकं. टोक आणि शेपूट यांची बेरीज करा, तीतून कमरेची दुप्पट वजा करा आणि चारने भागा. येतो तो कडेचा खोलवा, म्हणजेच साइडकट. जुन्या स्कीचा येतो पावणेआठ मिलिमीटर, नवीचा २२.

या खोलव्यातून वळणाची त्रिज्या निघते. बर्फाला टेकणाऱ्या कडेच्या लांबीचा वर्ग करायचा आणि खोलव्याच्या आठपटीने भागायचं. जुन्या स्कीची टेकणारी कड १८५ सेंमी धरली तर त्रिज्या येते सुमारे ५५ मीटर. नव्या स्कीची १४५ सेंमी धरली तर १२ मीटर. स्की नुसती कडेवर कलती केली, तर ती स्वतःहून कुठलं वर्तुळ काढायला निघेल, ते हा आकडा सांगतो. कल वाढला की त्रिज्या आणखी घटते, ४५ अंशांवर सुमारे सात दशांश उरते. म्हणजे जुनी स्की एवढी कलती करूनही ३९ मीटरचं वर्तुळ मागते आणि नवी साडेआठ मीटरमध्ये फिरते. बहुतेक उतारांची रुंदीच ३९ मीटरचं वळण पुरं करू देत नाही. म्हणून जुन्या स्कीवर सगळे शेपटी घसटत वळायचे. त्यात कौशल्य होतंच, पण ते आकाराच्या कमतरतेवरचा तोडगा होतं.

हे आधी कुणाला सुचलं नाही असं नाही. खोल साइडकटची स्की लांबीला लवचीक आणि पिळाला ताठ असावी लागते. रुंद टोक पिळलं गेलं की कड बर्फातून सुटते आणि सगळा फायदा तिथेच संपतो. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीत युरी फ्रँको आणि पावेल श्कोफित्स यांनी हे गणित जमवलं. त्यांची एससीएक्स स्की १९९३ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतर काही वर्षांतच सरळ स्की दुकानांतून नाहीशा झाल्या.

पायाखाली काय बदलतं

पहिला धक्का लांबीचा. ४० सेंमी कमी म्हणजे पायाखाली काहीच नाही, असं वाटतं. पण टोकं रुंद झाल्यामुळे तळाचं क्षेत्रफळ ढोबळ हिशेबाने आठ-दहा टक्केच घटतं. शिवाय वळणात टोकापासून शेपटीपर्यंत सगळी कड एकदम बर्फात रुतते. जुन्या स्कीची मात्र मधली कडच खरं काम करायची. कडक, चकाकणाऱ्या बर्फावर नवी स्की जास्त धरते ती यामुळे, आणि हा फरक पहिल्या तासातच कळतो. तो हवा असेल तर बदल करावा, हे आमचं स्पष्ट मत.

दुसरा धक्का सरळ जाताना बसतो. सपाट ठेवलेली नवी स्की भरकटते. टोक एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची वाट शोधतं. हा स्कीचा दोष नव्हे. लांबलचक सपाट वाटेवर जुनी स्की रुळावर ठेवल्यासारखी जाते, नवीला मात्र थोडा तरी कल द्यावा लागतो. दोन अंश पुरतात, पण दोन्ही पायांनी एकाच बाजूला. स्की पूर्ण सपाट ठेवून वेगात जाऊ नका, खालच्या बाजूची कड अचानक अडकते आणि माणूस आडवा पडतो.

तिसरा बदल वेगाचा, आणि याबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. घसटत वळताना प्रत्येक वळणात वेग मोडतो. कडेवर स्वच्छ कापत गेलं की तो मोडत नाही, उलट साठत जातो. वेग आवरायचा तर वळण पुरं करायचं, म्हणजे टोकं जवळजवळ उताराच्या वरच्या बाजूला वळेपर्यंत थांबायचं. त्यात उताराची पूर्ण रुंदी वापरली जाते. मागून येणाऱ्याला तुम्ही एवढे आडवे याल याची कल्पना नसते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांप्रमाणे पुढच्याला सांभाळणं मागच्याचं काम असलं, तरी उतारावर वरच्या बाजूला वळताना वर-खाली पाहून घेणं तुमच्याकडे लागतं. मान वळवा.

जुन्या सवयी आणि त्या कुठे आडव्या येतात

सरळ स्कीवरचं वळण तीन हालचालींचं होतं: अंग झटकन वर उचलून स्कीवरचा भार काढायचा, हलक्या झालेल्या शेपट्या टाचांनी फिरवायच्या आणि मग खाली बसत कडा टेकवायच्या. नव्या स्कीवर हे केलंत तर भार काढण्याच्या क्षणी कडेची पकड सुटते आणि टाचा फिरवल्या की रुंद शेपूट बर्फात ओरखडा काढत घसटते. वळण होतं, पण ते जुनंच वळण असतं, वर जास्त थकवा. नव्या स्की घेऊन ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांची तक्रार इथून येते.

पाय जोडून, गुडघे चिकटवून स्की करणं ही एके काळी शान होती. आता ती चालत नाही, आणि कारण साध्या बेरजेचं आहे. बूट बुटाला टेकले की दोन स्कींच्या मध्यरेषांमध्ये जेमतेम १० ते ११ सेंमी अंतर उरतं. टोकं १२ सेंमी रुंद. ती एकमेकांवर चढणारच. पाय कमरेच्या सांध्यांइतके दूर ठेवा, दोन बुटांमध्ये एक वीत जागा दिसली पाहिजे. याउलट घाबरून फार फाकवले तर आतला पाय कलता होत नाही, सपाट राहतो, आणि बाहेरची स्की वळत असताना आतली सरळ निघून जाते. मांड्या फाकून पडणं म्हणतात ते हेच.

म्हणून दोन्ही पाय एकाच कोनात कलले पाहिजेत. भार बाहेरच्या पायावर जास्त राहतोच, ते जुनं तत्त्व खोटं ठरलेलं नाही. पण आतला पाय आता नुसता उचलून धरायचा नसतो. आतल्या पायाची करंगळी बर्फात दाबायची असं ठरवलंत की बाहेरचा पाय आपोआप कलतो. उलट बाजूने सुरुवात केली, म्हणजे बाहेरचा गुडघा आत ढकलला, की इंग्रजी ‘A’च्या आकारात गुडघे मोडतात आणि स्कीचे कोन जुळत नाहीत. ही चूक फार दिसते.

वळणाच्या शेवटी मागे रेलण्याची सवय सगळ्यांत महाग पडते. जुन्या स्कीवर त्या रेलण्याने पुढच्या वळणाला झेप मिळायची. नव्या स्कीची रुंद शेपूट ओझं मिळालं की वळतच राहते, सुटत नाही. स्की पुढे निसटते, ढुंगण गुडघ्यांच्या खाली जातं, एका स्कीची आतली कड अडकते आणि गुडघा आत पिळला जातो. गुडघ्याचा पुढचा क्रूसिएट स्नायुबंध तुटण्याचा हा ओळखीचा मार्ग आहे. बूट स्कीला धरणारं आणि पडताना सोडणारं बाइंडिंग इथे वाचवेल याची खात्री नाही, कारण ते मुख्यतः नडगीचं हाड वाचवण्यासाठी बनलेलं असतं. तोल मागे गेलाच तर उठायची धडपड करू नका. हात पुढे, पाय जवळ, आणि घसरत थांबू द्या.

वळण संपवायचं तर कल काढायचा, एवढंच. उडी नको. घोटे सपाट करा, स्की पायाखालून पलीकडे जातील आणि नव्या बाजूला कलायला मोकळ्या होतील.

पहिला दिवस

सौम्य, रुंद, सकाळी नुकताच मशीनने दाबलेला उतार निवडा. दुपारी खणलेल्या बर्फात हे शिकता येत नाही, मागची खूणच दिसत नाही. उताराला आडवे निघा, थोडा वेग येऊ द्या आणि दोन्ही घोटे वरच्या बाजूला कलते करा. मग काहीही करू नका. टाचा नाहीत, खांदे नाहीत, काठी नाही. स्की स्वतःच वर वळत जाईल आणि थांबेल. थांबल्यावर मागे वळून खूण बघा. पेन्सिलने ओढल्यासारख्या दोन बारीक, समांतर रेघा दिसल्या तर कड कापते आहे. रेघेची सुरुवात पंख्यासारखी पसरलेली आणि नंतर बारीक झालेली दिसली, तर सुरुवातीला टाचा फिरल्या. शेवट पसरलेला असेल तर मागे रेललात. एक रेघ बारीक आणि दुसरी फराटा, म्हणजे आतला पाय सपाट राहिला. ही खूण कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा निर्दय असते.

दोन्ही बाजूंना सहा-सहा वेळा जमलं की उताराच्या सरळ रेषेच्या जवळून निघा आणि तेच करा, खूण आता मोठ्या हुकासारखी होईल. मग दोन वळणं जोडा, मध्ये वर न उठता. तिसऱ्या दिवसापर्यंत तीव्र उतारावर जाऊ नका. तिथे भीतीने जुनी टाच परत येते आणि शिकलेलं पुसलं जातं. मात्र घसटायचं विसरूही नका. अरुंद जागी, गर्दीत, बर्फाच्या गाठींवर घसटलेलं वळणच कामाचं, आणि नवी स्की तेही नीट करते. फक्त कल कमी ठेवायचा.

कुठली घ्यावी

जुन्या लोकांचा हात आपसूक लांब जोडीकडे जातो. १६५ सेंमी त्यांना मुलांची वाटते, मग १८५ घेतात आणि दोन दिवसांत पुन्हा शेपटी घसटायला लागतात. दाबलेल्या उतारासाठी हनुवटी ते भुवई या पट्ट्यातली लांबी घ्या. पावणेदोन मीटर उंच, मध्यम वजनाच्या माणसाला साधारण १५५ ते १६५. वजन जास्त आणि वेगाची आवड असेल तर पट्ट्याच्या वरच्या टोकाला. पुढचं टोक आधीपासून वर उचललेलं असेल, ज्याला रॉकर म्हणतात, तर टेकणारी कड कमी भरते, तेव्हा ५ सेंमी वाढवायला हरकत नाही.

लांबीपेक्षा त्रिज्येचा आकडा आधी वाचा. तीन रुंदींच्या शेजारीच तो छापलेला असतो. बदल करणाऱ्यासाठी १४ ते १६ मीटर. १२ मीटरची स्लॅलम जातीची, म्हणजे छोट्या वळणांच्या शर्यतीसारखी स्की अतिशय चपळ असते, पण क्षणभर लक्ष हटलं तरी वळते, आणि ज्याच्या पायात अजून टाच फिरवणं भिनलंय त्याला ती दमवते. १८ मीटरच्या पुढे गेलात तर फरक कळायला जास्त वेग लागेल.

एक सापळा सेकंडहँड बाजारात हमखास सापडतो: जायंट स्लॅलम, म्हणजे मोठ्या वळणांच्या शर्यतीच्या स्वस्त स्की. पुरुषांच्या त्या स्कीला महासंघाचा नियम किमान १९३ सेंमी लांबी आणि ३० मीटर त्रिज्येचा आहे, त्याआधी काही वर्षं ३५ मीटरचा होता. दिसायला नव्या, वागायला अर्ध्या जुन्या, आणि ताठ इतक्या की हौशी माणसाच्या वजनाने वाकत नाहीत. घेऊ नका.

कमरेची रुंदी ६८ ते ७८ मिमी ठेवा. दाबलेल्या उताराबाहेर जायचा विचार असेल तर ८५ ते ९०. त्याहून रुंद कंबर ताज्या, खोल बर्फात सुखाची, पण कडक उतारावर कडेपासून कडेपर्यंत जायला तिला वेळ लागतो आणि गुडघ्यावर पीळ वाढतो. पहिली जोडी म्हणून नकोच. विकत घेण्याआधी भाड्याने दोन वेगळ्या त्रिज्यांच्या जोड्या घेऊन प्रत्येकीवर निदान चार-पाच फेऱ्या मारा. पहिल्या फेरीवर मत बनवू नका, ती सगळ्यांचीच वाईट जाते.

बूट आणि बाइंडिंग

पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर आधी बूट, स्की भाड्याने. स्की कलती करायचा हुकूम घोट्यातून जातो, आणि जुना मागून उघडणारा बूट बाजूच्या दिशेने सैल असतो. हुकूम वाटेतच मुरतो. दुसरं कारण जास्त गंभीर: पॉलियुरेथेनचं कवच ओलाव्याने वर्षानुवर्षं कुजत जातं. बाहेरून चकचकीत दिसणारा पंचवीस वर्षांचा बूट थंडीत बकल आवळताना किंवा पहिल्याच पडण्यात फुटू शकतो.

माप घेताना आतला मऊ बूट काढून पाय नुसत्या कवचात घाला. बोटं पुढे जेमतेम टेकवली की टाचेमागे दीड ते दोन सेंमी जागा उरावी, दोन बोटं मावतील एवढी. त्याहून जास्त उरली तर बूट मोठा, कितीही आरामशीर वाटो. आकडा पायाच्या लांबीचाच असतो: २६.५ म्हणजे २६.५ सेंमी. गुडघे आत झुकणाऱ्यांनी बुटाचा बाजूचा कोन दुकानात जुळवून घ्यावा. सरळ स्कीवर ही खोट लपायची, नवीवर एक कड सतत आधी धरते आणि दोष स्कीला जातो.

जुनं बाइंडिंग नव्या स्कीवर बसवू नका. स्प्रिंगा थकलेल्या असतात, बुटाच्या टोकाखालची सरकपट्टी झिजलेली असते, बूट सुटल्यावर स्की अडवणारे ब्रेक नव्या कमरेला अपुरे पडतात आणि जबाबदार कारागीर ते तपासायलाही तयार होत नाही. बुटाचा तळवा कुठल्या मानकाचा आहे तेही पाहा. जाड रबराचे, चालायला सोयीचे ग्रिपवॉक तळवे तसा उल्लेख असलेल्या बाइंडिंगमध्येच बसवायचे. ब्रेकची रुंदी कमरेइतकी किंवा फार तर १५ मिमी जास्त असावी.

बूट किती जोराला सुटावा हे ठरवणारा आकडा जुन्या बाइंडिंगवरून उतरवून घेऊ नका. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून काढतात. बूट बदलला की तळव्याची लांबी बदलते, म्हणून आकडाही बदलतो. पन्नाशी ओलांडलेल्यांचा आकडा तक्त्यात एका ओळीने कमी होतो, दुकानात वय खोटं सांगणारे सापडतात ते याच ओळीसाठी. आकड्यानंतर मागच्या तुकड्याचा बुटाला पुढे रेटणारा दाब जुळवला का, हे विचारा. मागच्या तुकड्यावरची खूण ठरलेल्या पट्ट्यात हवी, नाहीतर आकडा बरोबर असूनही बूट भलत्या वेळी सुटतो किंवा सुटतच नाही. स्वतः भोकं पाडायची हौस असेल तर धातूचा थर नसलेल्या स्कीला ३.६ मिमीचं आणि धातू असलेलीला ४.१ मिमीचं ड्रिल लागतं, खोली साधारण ९ मिमी. पण रुळावर सरकणारं बाइंडिंग जोडीसोबतच मिळत असेल तर ही यातायात कशाला.

कडांना धार

जुन्या शिरस्त्याप्रमाणे कड तळाशी सपाट आणि बाजूने बरोबर ९० अंशांत घासली, तर नवी स्की हट्टी होते. तळाच्या बाजूने एक अंश उतार आणि बाजूने दोन अंश, म्हणजे बाजूचा कोन ८८ अंश, ही सुरुवातीची सुरक्षित जुळणी. तळाचा उतार अर्ध्या अंशावर आणला तर स्की लवकर धरते, पण चूक माफ करत नाही. तळाची बाजू वारंवार घासू नका, काढलेलं स्टील परत येत नाही. रोजची धार बाजूनेच लावायची.

घासण्याआधी कडेवर मार्करची रेघ ओढा. कोन धरणाऱ्या मार्गदर्शकात फाइल बसवून टोकाकडून शेपटीकडे दोन हलके हात मारा. शाई एकसारखी निघाली तर कोन जुळतोय. फक्त वरची किनार निघाली तर आधीचा कोन वेगळा आहे, आणखी काही हात लागतील. शेवटी रबराच्या दगडाने बारीक बूर काढा. नख कडेवर आडवं ओढल्यावर नखाची पांढरी भुकटी पडली की धार आली.

टोक आणि शेपटीकडची पंधरा-वीस सेंमी कड मुद्दाम बोथट करायची जुनी रीत इथे पूर्ण सोडा. त्याच कडेने वळण सुरू होतं, ती मारली तर रुंद टोकासाठी दिलेले पैसे फुकट. स्की फारच अंगावर येत असेल तर आधी सपाट पट्टी तळावर आडवी ठेवून उजेडात पाहा. मध्ये फट दिसली, म्हणजे कडा तळापेक्षा उंच राहिल्यात. अशी स्की कितीही बोथट करा, ओढतच राहील. तिचा तळ दगडी चाकावर सपाट करून घ्यावा लागतो.

वापरात आतल्या कडा जास्त झिजतात, त्यातही बुटाखालची. डावी-उजवी असा भेद बहुतेक जोड्यांत नसतो, म्हणून एका स्कीच्या शेपटीवर टेपचा ठिपका लावा आणि रोज सकाळी ठिपक्याची स्की दुसऱ्या पायात घाला.